‘ते गेले, मी राहिले. म्हणजे माझा विषाणू सौम्य असणार ना?’

पत्राचा सारांश: सांगली जिल्ह्यातल्या एका भगिनीचं पत्र आहे. वय ३६, अंगणवाडी सेविका, मुलीसह सासरीच राहतात. २०१९ मध्ये नवऱ्याला ताप आणि असह्य डोकेदुखी म्हणून दवाखान्यात नेलं, तर मेंदूचा टीबी निघाला. त्याच वेळी एचआयव्हीही कळला. सीडी४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, होता ४२. दीड महिन्यात ते गेले. यांची तपासणी झाली, त्याही पॉझिटिव्ह. पण सीडी४ ५८८ आणि दुखणं काहीच नाही. लगेच एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, सुरू झाली; पुढे गोळी बदलून टीएलडी आली (टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्राव्हिर या तीन औषधांची एकच गोळी). गेली चार वर्षं व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तात विषाणू किती ते मोजणाऱ्या, रिपोर्टवर ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ (विषाणू सापडला नाही) असं येतं. मुलगी निगेटिव्ह आहे. अधूनमधून अशक्तपणा वाटतो म्हणून रात्री जेवणानंतर तासाभराने लोहाची आणि कॅल्शियमची गोळी टीएलडीसोबतच घेतात. डबीवरचं लेबल काढून टाकतात, आणि गोळ्या आणायला गेलं की केंद्रावर लोक पाहतात हीही अडचण लिहितात.

भावाने मोबाईलवर बातमी पाठवली: आफ्रिकेत एचआयव्ही सौम्य होत चाललाय. दिराने दुसरी दाखवली: नेदरलँड्समध्ये जहाल एचआयव्ही सापडला. सासूबाई म्हणतात, “एकच विषाणू असता तर तूही गेली असतीस. तुझा वेगळा, मग तो आला कुठून?” भगिनी विचारतात: माझा विषाणू सौम्य असेल तर गोळ्या थांबवू का, निदान मधे काही महिने सुट्टी घेऊ का? तो पुढे नेदरलँड्ससारखा जहाल होईल का? आणि एक खासगी लॅब ‘विषाणूचा प्रकार’ सांगणारी टेस्ट करून देते, त्यात जवळजवळ महिन्याचं मानधन जाईल. सासरच्यांची तोंडं बंद करायला ती करू का?

ताई,

उत्तरं आधी घ्या. गोळी एक दिवसही थांबवू नका. तुमचा विषाणू डच होणार नाही. त्या टेस्टवर एक रुपया घालवू नका. आणि लोहाच्या गोळीचं तुम्ही सहज लिहून गेलात, पण सगळ्या पत्रात मला खरी काळजी वाटली ती त्या एका ओळीची. तिच्याकडे येऊच. आधी कारणं सांगायला हवीत, कारण नुसतं ‘नाही’ म्हटलेलं तुमच्या घरात टिकणार नाही.

तुम्ही, तुमचा भाऊ, दीर आणि सासूबाई, चौघंही एक गोष्ट धरून चालला आहात: विषाणूवर सौम्य किंवा जहाल असा शिक्का असतो आणि ज्याच्या वाट्याला जसा येतो तसं त्याचं होतं. असं नसतं. एकाच पिशवीतलं बियाणं काळ्या रानात पेरलं आणि मुरमाड रानात पेरलं तर पीक सारखं येत नाही. त्यात पेरणीची तारीख वेगळी असेल, तर दोन रानं शेजारी उभी करून तुलनाच करता येत नाही.

एचआयव्ही शरीरात शिरला की पहिल्या काही आठवड्यांत रक्तात प्रचंड वाढतो. मग शरीर त्याला थोडं आवरतं आणि काही महिन्यांत तो एका पातळीवर स्थिरावतो. या पातळीला सेट पॉइंट म्हणतात. औषध नसेल तर कुणात ती मिलिलिटरला हजाराच्या आत असते, कुणात लाखाच्या वर. पातळी जितकी वरची, तितके सीडी४ लवकर झिजतात. आता ही पातळी ठरवतं कोण? ज्याने दिला आणि ज्याला झाला अशा अनेक जोड्यांचे विषाणू तपासून हे मोजलं गेलं आहे. माणसामाणसांतल्या फरकाचा सुमारे एक तृतीयांश भाग विषाणूच्या जनुकांमुळे असतो. बाकीचा मोठा वाटा ज्याच्या शरीरात तो आला त्याचा: प्रतिकारशक्तीची जनुकं, वय, सोबतचे आजार. स्त्रियांमध्ये सुरुवातीच्या काळात ही पातळी सरासरीने पुरुषांपेक्षा कमीच असते. म्हणजे तुमच्या यजमानांकडून तोच, अगदी तोच विषाणू तुम्हाला आलेला असूनही तुमचे आकडे वेगळे असण्यात काहीच अचंबा नाही.

पेरणीच्या तारखेचं तर विचारूच नका, कारण ती कुणालाच माहीत नाही. उपचार नसतील तर लागण झाल्यापासून एड्सच्या टप्प्यापर्यंत यायला साधारण आठ ते दहा वर्षं लागतात. सीडी४ ४२ वर आला होता म्हणजे तुमच्या यजमानांच्या शरीरात तो बहुधा कितीतरी वर्षं होता, कदाचित लग्नाच्याही आधीपासून. तुम्हाला त्यानंतर केव्हा तरी झाला. औषधाविना सीडी४ वर्षाला सरासरी ५० ते ७० ने उतरतो; ५८८ हा आकडा नुकत्या झालेल्या लागणीचाही असू शकतो आणि चार-पाच वर्षं जुन्या लागणीचाही. त्यावरून तारीख काढता येत नाही, आणि विषाणूचा स्वभाव तर नाहीच नाही. त्यासाठी उपचाराआधीचा व्हायरल लोड हवा होता. तुमच्या पत्रात तो कुठेच नाही. सरकारी कार्यक्रमात तो सहसा करतही नाहीत. पहिला व्हायरल लोड गोळ्या सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी होतो. तेव्हा ‘माझा सौम्य’ हा निष्कर्ष तुम्ही फक्त एका सीडी४ वरून काढला आहे.

यजमानांबद्दल एवढंच म्हणेन. मेंदूचा टीबी एचआयव्ही नसलेल्या धडधाकट माणसालाही नेतो. ४२ सीडी४ वर तो झाला आणि त्याच आठवड्यात एचआयव्ही कळला. त्यांचा विषाणू जहाल होता असं मानायला काही आधार नाही. निदान फार उशिरा झालं याला भरपूर आहे.

आता भावाने पाठवलेली बातमी. ती खोटी नाही, पण तिचा अर्थ वेगळा आहे. तो कळायला विषाणू बदलतो कसा हे थोडं जवळून पाहावं लागेल.

एचआयव्हीचा सगळा मजकूर सुमारे ९,७०० अक्षरांचा. शरीरात शिरल्यावर त्याची नक्कल रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज नावाचं त्याचं एन्झाइम करतं, आणि हा लेखनिक आपलं लिहिलेलं परत वाचत नाही. साधारण दर तीन प्रतींमागे एक चूक राहून जाते. उपचार नसलेल्या शरीरात रोज सुमारे एक हजार कोटी नवे विषाणू तयार होतात. म्हणजे ९,७०० पैकी प्रत्येक जागेवरची जवळजवळ प्रत्येक चूक रोज कुठे ना कुठे होतच असते. बहुतेक चुका विषाणूलाच मारक ठरतात. एखादी मात्र त्याला शरीराच्या नजरेतून निसटायला मदत करते, आणि मग त्याच प्रतीचा वंश वाढतो.

शरीराची नजर म्हणजे काय? आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीवर एचएलए नावाची प्रथिनं असतात. आत शिरलेल्या विषाणूचे तुकडे ती बाहेर धरून दाखवतात आणि पहारेकरी पेशी ते ओळखून ती पेशी मारून टाकतात. काही लोकांना एचएलए-बी५७ हा प्रकार मिळालेला असतो. तो विषाणूच्या आतल्या कवचाच्या प्रथिनातला असा तुकडा पकडतो, की जो बदलणं विषाणूला महाग पडतं. तरीही तो बदलतो: या प्रथिनाचं नाव गॅग; त्यातलं २४२ व्या जागेवरचं थ्रिओनिन हे अमिनो आम्ल जाऊन तिथे अस्परॅजिन हे दुसरं येतं. पहारेकऱ्याला आता तुकडा ओळखू येत नाही. पण कवचाची घडण बिघडल्याने विषाणूची वाढही मंदावते. सुटका झाली, पण लंगडत. पुढे हा लंगडा विषाणू बी५७ नसलेल्या माणसात गेला की त्याला लपायची गरज राहत नाही. ती चूक पुसून तो हळूहळू पूर्ववत होतो. ‘सौम्य’ विषाणू नेहमीसाठी सौम्य नसतो हे इथे अगदी अक्षरापर्यंत दिसतं.

भावाने पाठवलेली आफ्रिकेची बातमी याचीच, बोट्सवाना या देशातली आहे. डिसेंबर २०१४ मध्ये ऑक्सफर्डच्या फिलिप गोल्डर यांच्या गटाने बोट्सवाना आणि दक्षिण आफ्रिकेतल्या दोन हजारांवर स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बोट्सवानात साथ आधी पसरली, जास्त लोकांत पसरली, म्हणून तिथल्या विषाणूने संरक्षक एचएलएंना चुकवायला जास्त शिकून घेतलं होतं. दक्षिण आफ्रिकेत बी५७ अजून संरक्षण देत होता, बोट्सवानात देत नव्हता. या शिकण्याची किंमत म्हणून तिथला विषाणू सरासरीने कमी जोमाने वाढत होता. तेव्हा बातमी दुहेरी आहे: वाढ थोडी मंद, पण ज्यांना जन्मजात कवच होतं त्यांचं कवचही गेलं. भावाला हा दुसरा अर्धा भाग कुणी पाठवला नाही.

करोनासारखा एचआयव्हीही आपोआप मवाळ होत जाईल, हा समज आता फार पसरला आहे. एचआयव्हीला तशी घाई नाही. माणूस आजारी पडण्याआधीची कित्येक वर्षं तो पसरतच असतो. शेवटी माणूस गेला तरी विषाणूचं काम आधीच झालेलं असतं. रक्तातली पातळी फार जास्त असेल तर माणूस लवकर खचतो आणि पसरायला वेळ कमी मिळतो. फार कमी असेल तर पसरतच नाही. मधली पातळी त्याला सर्वांत सोयीची. म्हणून त्याचा कल मधल्याकडे असतो, सौम्याकडे नव्हे, आणि ठिकाणाठिकाणी तो वेगवेगळ्या दिशेने सरकलेला दिसतो. युगांडात एचआयव्हीचा डी हा उपप्रकार मागे पडून ए हा उपप्रकार वाढला आणि आजाराची सरासरी तीव्रता उतरली. नेदरलँड्समध्ये एका शाखेत उलटं झालं.

ती शाखा म्हणजे दिराची बातमी. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ती आली. बी उपप्रकारातली ही शाखा १०९ लोकांत सापडली. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमधली एकेक व्यक्ती सोडली तर सगळे नेदरलँड्समधले. उपचाराआधी त्यांच्या रक्तात विषाणू साडेतीन ते साडेपाच पट जास्त होता आणि सीडी४ दुप्पट वेगाने पडत होता. तिशीतल्या माणसाचा सीडी४ निदानानंतर ३५० च्या खाली यायला एरवी साधारण ३६ महिने लागतात, इथे औषधाविना ९ महिने लागले असते. दिराने दाखवलेल्या मथळ्याखाली आणखी दोन गोष्टी असणार, त्या त्यांनाही वाचायला सांगा. पहिली: औषध सुरू केल्यावर या लोकांची प्रकृती इतरांसारखीच सुधारली. दुसरी: ही शाखा १९९० च्या दशकापासूनची आहे आणि २०१० च्या सुमारापासून ओसरते आहे. तुमच्यात तो उपप्रकार असण्याची शक्यता मुळातच कमी, कारण भारतात बहुतांश लागण सी उपप्रकाराची आहे. आणि तुमच्या शरीरातल्या विषाणूने बदलून तसं व्हायचं म्हटलं तर त्यासाठी त्याला वर्षानुवर्षं वाढत राहावं लागेल, जे तुमच्या गोळीने बंद केलं आहे.

इथेच तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे. विषाणू बदलतो तो नकला करताना. नक्कल नाही तर चूक नाही, चूक नाही तर बदल नाही. ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ म्हणजे नवी नक्कल जवळजवळ थांबलेली आहे. काही पेशींमध्ये तो झोपून आहे, आणि हा साठा फार चिवट आहे: औषधं अखंड घेतली तरी तो निम्मा व्हायला सुमारे ४४ महिने लागतात, म्हणून गोळ्या आयुष्यभर. पण झोपलेला विषाणू सौम्य होता की जहाल, याने तुमच्या तब्येतीत आज काहीच फरक पडत नाही.

आता ‘सौम्यच आहे’ असं घटकाभर मानून चालू. तरी काय होतं, याचं एक उदाहरण नोंदलेलं आहे. ऑस्ट्रेलियात सिडनीमध्ये १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एका रक्तदात्याकडून आठ जणांना एचआयव्ही गेला. त्या विषाणूत नेफ नावाच्या जनुकाचा भागच गळालेला होता, म्हणजे जन्मतः अधू विषाणू. वर्षानुवर्षं हे लोक औषधाविना ठीक राहिले आणि जगभर त्यांचं नवल झालं. पुढे दात्याचे आणि काही जणांचे सीडी४ उतरू लागले. दात्याला १९९९ मध्ये औषधं सुरू करावी लागली. तुमच्या-माझ्या माहितीतला सर्वांत अशक्त एचआयव्ही तो, आणि त्यानेही वेळ लागला तरी आपलं काम केलं.

सुट्टीचा प्रयोगही होऊन गेला आहे, आणि तो मोठा होता. ‘स्मार्ट’ नावाच्या अभ्यासात ५,४७२ लोक होते. अर्ध्यांनी गोळ्या अखंड घेतल्या. उरलेल्यांनी सीडी४ ३५० च्या वर असेल तेव्हा बंद ठेवल्या आणि २५० च्या खाली गेला की परत घेतल्या. सुट्टीवाल्यांत गंभीर आजार किंवा मृत्यूचं प्रमाण अडीच पटीहून जास्त निघालं, म्हणून २००६ मध्ये तो मधेच थांबवला. त्यात हृदयाचे, मूत्रपिंडाचे, यकृताचे आजारही वाढलेले होते. सीडी४ चांगला असतानाही मोकाट विषाणू शरीराला आतून सतत पेटतं ठेवतो. पुढे २०१५ च्या ‘स्टार्ट’ अभ्यासात ४,६८५ लोकांवर दिसलं, की सीडी४ ५०० च्या वर असतानाच गोळ्या घेतल्या तर गंभीर दुखणी ५७ टक्क्यांनी कमी होतात. हे सगळे लोक तुमच्यासारखेच होते, दुखणं काही नसलेले.

तुम्ही थांबवल्या तर बहुधा दोन ते चार आठवड्यांत विषाणू परत मोजता येईल इतका होईल. आणखी एक धोका लोक विसरतात. टीएलडीतली टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन ही दोन्ही औषधं हिपॅटायटिस बी लाही दाबून ठेवतात. एखाद्याला तो असेल आणि त्याने गोळी एकदम सोडली, तर कावीळ उसळून यकृत निकामी होऊ शकतं. एआरटी केंद्राच्या तुमच्या हिरव्या पुस्तकात हिपॅटायटिस बी च्या तपासणीची नोंद आहे का, पुढच्या खेपेला बघून घ्या.

अर्धवट गोळ्या हे बंद करण्याहून वाईट. औषध रक्तात थोडंच असताना विषाणू नकला करतो, तेव्हा औषधाला चुकवणारी चूक निवडली जाते. लॅमिव्हुडिनच्या बाबतीत हे एका अक्षरावर होतं: १८४ व्या जागेवर मेथिओनिनच्या जागी व्हॅलिन आलं की लॅमिव्हुडिनचा प्रभाव जवळपास संपतो. हा बदल झालेला विषाणू वाढीला जरा मंद असतो, म्हणून कुणी तुम्हाला ‘तो अशक्त झालाय’ असंही सांगेल. अशक्त आहे खरा, पण तुमचं एक औषध त्याने खाल्लेलं असतं. डोलुटेग्राव्हिर अशा बदलांना सहज दाद देत नाही, हे आपलं नशीब. ते टिकवायला हवं.

आणि म्हणून लोहाची गोळी. डोलुटेग्राव्हिर आणि लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, जस्त हे धातू पोटात एकमेकांत गुंतून बसतात. गुंतलेलं औषध रक्तात जात नाही, तसंच बाहेर पडतं. तुम्ही वेळेवर गोळी घेताय, मोजून घेताय, पण जेवणानंतर तासाभराने, पोट रिकामं होऊ लागलेलं असताना, लोहासोबत. त्यातला बराच भाग वाया जात असण्याची शक्यता आहे. व्हायरल लोड अजून चांगला आहे, म्हणजे आतापर्यंत निभावलं. पुढे नशिबावर ठेवू नका.

नियम असा. लोह किंवा कॅल्शियम आणि टीएलडी एकाच वेळी घ्यायचं असेल तर ते भरल्या ताटाबरोबर, जेवतानाच. जेवणाशिवाय घ्यायचं असेल तर टीएलडी आधी आणि लोह त्यानंतर किमान दोन तासांनी. किंवा लोह आधी घेतलं असेल तर टीएलडी त्यानंतर किमान सहा तासांनी. लक्षात ठेवायला सर्वांत सोपं म्हणजे लोह दुपारच्या जेवणासोबत आणि टीएलडी रात्री झोपताना. आम्लपित्तासाठी घेतो त्या पातळ पांढऱ्या औषधात ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम असतं. त्याला जेवणाची सवलत नाही, तिथे टीएलडी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर हेच पाळायचं. लोह भस्म, मंडूर भस्म, शंख भस्म घेणाऱ्यांनीही हेच अंतर ठेवावं आणि एआरटीच्या डॉक्टरांना ते घेत असल्याचं सांगावं. मल्टिव्हिटॅमिनच्या गोळीत जस्त आणि लोह असतं, तीही यातच आली. अशक्तपणाचं मूळ मात्र शोधा. हिमोग्लोबिन तपासा. नसेल कमी, तर लोह हवंच कशाला?

याच ओघात, ज्यांना मधुमेह आहे त्यांच्यासाठी: डोलुटेग्राव्हिर मेटफॉर्मिनची रक्तातली पातळी वाढवतं, म्हणून मेटफॉर्मिन दिवसाला १,००० मिलिग्रॅमच्या वर सहसा देत नाहीत. टीबीचं रिफॅम्पिसिन सुरू असेल तर डोलुटेग्राव्हिर ५० मिलिग्रॅमची एक जादा गोळी बारा तासांनी घ्यावी लागते. दोन्ही दवाखान्यांना एकमेकांच्या गोळ्या दाखवा. खोकला-तापाच्या डॉक्टरांना एचआयव्हीचं सांगायचं टाळल्याने हे राहून जाऊ शकतं.

डबीवरचं लेबल काढून टाकता असं तुम्ही लिहिलंय. काढा, हरकत नाही. पण गोळ्या कागदाच्या पुडीत किंवा कुंकवाच्या करंड्यात हलवू नका. टेनोफोव्हिरला दमट हवा सोसत नाही. मूळ डबी, तिचं घट्ट झाकण आणि आतली सिलिका जेलची छोटी पुडी, तिन्ही तशीच ठेवा. स्वयंपाकघरात किंवा न्हाणीजवळ नको. ३० गोळ्यांच्या डबीतून महिन्याला एखादी चुकणं हीच मर्यादा धरा. चुकली आणि आठवली, तर पुढच्या वेळेला चार तासांहून जास्त अवकाश असेल तोवर लगेच घ्या. त्याहून कमी राहिले असतील तर ती सोडा. दोन एकदम घेऊ नका.

केंद्रावर लोक पाहतात ही तुमची अडचण खरी आहे, आणि तिला गोळी बंद करण्याखेरीज बरेच उपाय आहेत. तब्येत आणि व्हायरल लोड स्थिर असेल तर तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतात. जवळच्या लिंक एआरटी सेंटरला, म्हणजे मोठ्या केंद्राला जोडलेल्या छोट्या केंद्राला, नाव जोडता येतं, किंवा माहेरच्या बाजूच्या केंद्रात बदली घेता येते. समुपदेशकाकडे ‘ट्रान्स्फर आउट’ मागायचं. माहेरचं केंद्र लांब असलं तरी तीन महिन्यांतून एकदा जाणं जमण्यासारखं असतं. मला विचाराल तर हाच मार्ग तुमच्यासाठी बरा वाटतो. हेही नक्की नसेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर नाव न सांगता विचारता येतं.

व्हायरल लोड वर्षातून एकदा चुकवू नका. सर्दी-ताप किंवा लस घेतल्यावर लगेच केला तर शे-दोनशेचा आकडा उगीच दिसू शकतो, घाबरू नका. १,००० किंवा त्याहून जास्त आला तर तीन महिने गोळ्या काटेकोर घेऊन तपासणी परत करतात आणि तरीही तेवढाच राहिला तर औषध बदलायचा विचार होतो. सीडी४ च्या चढउताराने मात्र झोप घालवू नका. सकाळ-संध्याकाळमध्ये, दोन लॅबमध्ये तो तसाही हलतो. तीसेक टक्क्यांच्या आतल्या फरकाला फारसा अर्थ नसतो.

आता ती टेस्ट. तिचं नाव जीनोटायपिंग, आणि ती औषधाला प्रतिरोध आलाय का ते पाहायला असते. त्यासाठी रक्तात पुरेसा विषाणू लागतो, साधारण १,००० च्या वर. तुमच्या रक्तात तो मोजण्याइतकाही नाही. म्हणजे बहुधा पैसे जातील आणि ‘नमुना अपुरा’ असा कागद हातात येईल. समजा उपप्रकार कळलाच, तर तो बहुधा सी निघेल, आणि महाराष्ट्रातल्या बहुतेकांचा तोच असतो. त्याने काय सिद्ध होणार? दोन माणसांचे विषाणू नात्यातले आहेत का हे पाहायला दोघांचे नमुने लागतात. यजमानांचा आता कुठून आणणार? आणि दोन्ही असले तरी कुणाकडून कुणाकडे गेला, मधे तिसरं कुणी होतं का, हे अशा चाचणीतून खात्रीने सांगता येत नाही. सासूबाईंच्या प्रश्नाला उत्तर देईल अशी टेस्ट जगात कुठेच नाही. जी लॅब तुम्हाला हे विकते आहे, ती तुमच्या अगतिकतेचे पैसे घेते आहे.

मग सासूबाईंचं काय करायचं? त्यांना विज्ञान पटवून द्यायची जबाबदारी तुमची नाही, हे आधी मनाशी पक्कं करा. मुलगा गेलेली आई आहे. कुणाच्या तरी नावावर ते दुःख मांडायला बघते. एकदा प्रयत्न करून पाहावा असं वाटत असेल तर दिराला मधे न घेता फक्त त्यांना एआरटी केंद्राच्या समुपदेशकाकडे न्या आणि आधी फोन करून समुपदेशकाला नेमका मुद्दा सांगून ठेवा: “सीडी४ वेगळा म्हणून विषाणू वेगळा, असं सासूबाईंना वाटतं.” तिऱ्हाइताने, सरकारी खोलीत बसून सांगितलेलं कधीकधी ऐकलं जातं. घरी विषय निघालाच तर वाद न घालता इतकंच म्हणा: “सीडी४ वरून शरीर किती झिजलं ते कळतं, आजार कुणी आणला ते कळत नाही. यांना उशिरा कळलं, मला वेळेत कळलं.” आणि उठून कामाला लागा.

तरी बोलणी थांबली नाहीत, किंवा घराबाहेर काढायची भाषा झाली, तर कायदा तुमच्या बाजूने आहे. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध आणि नियंत्रण) कायदा २०१७ चा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. त्यानुसार तुम्हाला राहत्या सामाईक घरात राहण्याचा हक्क आहे, तिथून किंवा त्यातल्या कुठल्या भागातून तुम्हाला बाहेर ठेवता येत नाही. तुमच्या संमतीशिवाय तुमची माहिती कुणी जाहीर करू शकत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात स्त्रियांना उत्पन्नाची अट न पाहता मोफत वकील मिळतो. गोष्टी त्या थराला जाण्याआधीच एकदा जाऊन बोलून या. नुसतं विचारलं म्हणून काही केस होत नाही.

हे पत्र वाचणाऱ्या ज्या जोडप्यांत एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह आहे, त्यांच्यासाठी: ‘माझा सौम्य आहे, झाला तरी जोडीदाराला सौम्यच होईल’ हा हिशेब करू नका. दुसऱ्या शरीरात लंगडा विषाणू पूर्ववत होतो हे वर आलंच आहे. लागण थांबवते ती गोळी. पुणे आणि चेन्नईची केंद्रंही ज्यात होती त्या एचपीटीएन ०५२ अभ्यासात २०११ मध्येच दिसलं, की पॉझिटिव्ह जोडीदाराने लवकर गोळ्या सुरू केल्या तर दुसऱ्याला लागण होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी घटतं. रक्तात विषाणू सापडेनासा झाल्यावर शरीरसंबंधातून तो जात नाही. आई पॉझिटिव्ह असेल तर गरोदरपणात गोळी एकदाही चुकू नये, याचं एक जादा कारण आहे: बाळाचे निम्मे एचएलए आईचे असतात, आणि आईच्या शरीरात मोकाट वाढलेल्या विषाणूने तेच चुकवायला आधीच शिकलेलं असतं.

ताई, पुढच्या खेपेला केंद्रावर जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, अंगणवाडीतल्या लोहाच्या गोळीसकट, आणि डॉक्टरांसमोर टेबलावर ठेवा. गेल्या वेळचा व्हायरल लोड होऊन वर्ष होत आलं असेल तर त्याच दिवशी रक्त देऊन या. आणि आज रात्री लोह-कॅल्शियम बाजूला ठेवून टीएलडी एकटी घ्या.